बाळंतिणीच्या खोलीचं सारवण

शेणाचा वास ज्यांना सोसत नाही, त्यांनी माझ्या घरी खुशाल येऊ नये. परवा एक पाहुण्या बाई आल्या आणि नाकाला पदर लावून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, अहो, सकाळीच सारवलंय, दोन घटका थांबा, वास जाईल; नाहीतर ओसरीवरूनच बोला, मला ऐकू चांगलं येतं. त्यांच्या घरी म्हणे सुरतेहून साबणाच्या वड्या येतात आणि जमीन सगळी फरसबंद आहे. असेल बापडी. फरशी मलाही आवडते, देवळात. घरात मात्र मला पायाखाली सारवलेली जमीन लागते. ती कशी करायची हे ज्या बाईने मला शिकवलं, तिची आठवण काढल्याशिवाय आजही मी शेणात हात घालत नाही.

मी मूळची कोकणातली. चौदाव्या वर्षी घाट चढून पुण्याला नांदायला आले. आमची स्वारी फडात, म्हणजे सरकारी दफ्तरात, कारकून. बिऱ्हाड शनिवार पेठेत, सरकारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, पण हाक मारली तर कुणी ओ देणार नाही अशा बोळात. घर लहानच. पुढे ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्यातच एका कोपऱ्यात देव. स्वयंपाकघरातून पलीकडे एक अंधारी खोली. तिला दार एकच, स्वयंपाकघरातलं, आणि गज लावलेली एक खिडकी, ती मागच्या पडवीत उघडायची. पडवीत मोरी, आणि पडवीपलीकडे चार हात परडं. हे सगळं सांगते आहे ते उगीच नाही, पुढे लागणार आहे.

घरात बाई म्हणजे सासूबाई. कृश, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की पुरे होईल इतकं बोलणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात मी पितळेचा हंडा चिंचेने घासला, राखेने उजळला आणि कौतुक होईल म्हणून त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, यात तोंड दिसतंय हो. बघ, आणि धुऊन ये. माझ्या गालाला राख लागली होती. रडायला आलं होतं तेव्हा. आता एकटी असताना आठवतं आणि हसू फुटतं.

पण घरातलं बाकीचं काम शिकवलं त्यांनीच. चुलीतली राख चाळणीने चाळून डब्यात भरायची, जाडी भांड्यांना आणि बारीक देवाच्या उपकरणांना. सोवळ्याचा रेशमी मुकटा रिठ्याच्या कोमट पाण्यात बुचकळायचा, पिळायचा नाही. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून धान्यात आणि गोधड्यांच्या घड्यांत घालायचा. मोरीचा दगड शेवाळला की चुन्याची निवळी ओतायची. कात्रजच्या नळाचं पाणी हौदावरून भरून आणायचं, त्यामुळे तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला आणि भाजी धुतलेलं तुळशीला. फेकायचं काही नाही. या घरातून बाहेर काय पडतं, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सासूबाईंचे टोमणे.

शेण आणायची ती धायरीची एक कुणबीण. आम्ही सगळे तिला धायरीकरीणच म्हणायचो. दिवसाआड तीन कोस चालत यायची, डोक्यावर पाटी, पाटीत ताजं शेण, वर पळसाची पानं, आणि कधी पांढऱ्या मातीची ढेकळं. पुण्यात लीद हवी तेवढी, पेठोपेठी घोड्यांच्या पागा. पण लिदीने का कुणी घर सारवतं? गाईच्या शेणासाठी मात्र सगळ्या पेठेचे डोळे तिच्या वाटेकडे लागलेले असायचे. ती बोळातून मागच्या पडवीत यायची, शेण ठेवायची, सासूबाई वरून भांडंभर ताक तिच्या लोट्यात ओतायच्या, ती प्यायची आणि जायची. पडवीच्या पुढे तिला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. आत देव होते, सोवळं होतं. तेव्हा तसंच होतं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आज त्याची लाज वाटते, ती सांगून टाकते.

त्या वर्षी माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला आली. वाईला दिलेली, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. दिवसभर चिंचा खायची आणि माझ्याशी भांडायची, त्यामुळे आमचं फार जमायचं. पौषात दिवस भरणार होते. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला सासूबाईंनी त्या अंधाऱ्या खोलीचं कुलूप काढलं. मी घरात आल्यापासून ती खोली उघडलेली मी पाहिली नव्हती. त्या म्हणाल्या, बाळंतीण इथेच निजायची. खोली नीट कर. मग दोन पावलं गेल्या, वळल्या आणि पुन्हा म्हणाल्या, नीट. एकच गोष्ट दोनदा सांगणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

मी कंबर कसली. काठीला केरसुणी बांधून जळमटं काढली, पालीची अंडी काढली, कोनाडे घासले, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात दिला, निंबाच्या पाल्याची धुरी दिली. चार दिवसांत खोलीचा कुबट वास पुष्कळ कमी झाला. उरली जमीन. ती खडबडीत होती, जागोजाग उखणलेली. धायरीकरीण तेव्हा लेकीच्या गावी गेली होती, तिच्याऐवजी कुणी दुसरीच शेण टाकून जायची. म्हणजे विचारणार कुणाला? आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं. मला सासूबाईंच्या तोंडून एकदा तरी बरं ऐकायचं होतं.

आमच्याकडे कोकणात माझी आई शेणात कोळशाची पूड कालवायची. जमीन अशी काळी तुळतुळीत व्हायची की पानं न मांडता जेवावं. कोळसा कशाला, मी मनाशी म्हटलं, इथे तर मातीच काळी! नदीवर धुणं धुताना काठची ती काळी माती मी रोज पाहत होते. हातात घेतली तर लोण्यासारखी मऊ. आमची कोकणातली तांबडी माती म्हणजे खडेच खडे, आणि इथे हे वैभव पायदळी पडलेलं. मी सहा खेपा घातल्या. चार बोटं जाड थर दिला, हाताने गुळगुळीत केला, वरून शेणाचा पातळ हात फिरवला. दुपारपर्यंत ती जमीन अशी दिसायला लागली की मीच उंबऱ्यात बसून बघत राहिले. सासूबाई आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, बरं झालंय. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. सगळी जमीन तडकली होती. बोट आत जाईल अशा भेगा, आणि मधले तुकडे कडांनी वर वळलेले, वाळवणातल्या पापडांसारखे. एका भेगेतून मुंग्यांची रांग लागलेली. मी बघत उभी होते तेवढ्यात दुसरीतून विंचवाचं एक पिल्लू बाहेर आलं आणि शांतपणे भिंतीकडे चालायला लागलं.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी टोमण्याची वाट पाहिली. कोकणात वारा यायला जमिनीला भेगा पाडून घेतात वाटतं, असं काहीतरी त्या म्हणतील आणि मी मान खाली घालीन. पण त्या उंबऱ्यावर खाली बसल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"आता मी माझ्या पोरीला कुठे निजवू?"

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, जमिनीचं एवढं? पुन्हा करू. पंधरा-वीस दिवस हातात आहेत. पण त्यांच्याकडे बघून तसं म्हणायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी धायरीकरीण परत आली. पडवीत उभी राहून खिडकीतून तिने आत पाहिलं, आणि मी काय केलं ते कळल्यावर पोट धरधरून हसली. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आखडते, हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणाली, वैनी, काळीची जागा शेतात, घरात मुरूम घालत्यात. मीही हसले. मग तिने विचारलं, ही खोली कशापायी उघडली? मी सांगितलं, बाळंतिणीसाठी. तिचं हसू गेलं.

मग तिने मला ते सांगितलं, जे घरात कुणी सांगितलं नव्हतं. मला एक थोरली नणंद होती. आठ वर्षांपूर्वी आषाढात ती याच खोलीत बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी मूल गेलं आणि नवव्या दिवशी तापात ती. खोली ओली होती. धायरीकरणीला ते बाहेरून दिसलं होतं, पडवीच्या बाजूने भिंत काळपट झाली होती. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"मोरीचं पानी भितीत मुरतंय, म्या तवाच सांगितलं व्हतं बाईस्नी. त्या म्हनल्या, शेण ठेव आन् जा."

 मी ज्या खोलीत तोऱ्याने काळी माती थापली होती, ती सासूबाईंसाठी काय होती ते मला तेव्हा कळलं.

कामाला लागलो. म्हणजे मी लागले आणि ती खिडकीबाहेरून सांगत राहिली. सगळी काळी माती मी खरवडून बाहेर काढली. तिच्या नवऱ्याने बैलगाडीतून मुरूम आणून टाकला. तो पसरायचा, पाणी शिंपडायचं, आणि चोपण्याने, म्हणजे दांडा लावलेल्या जड फळीने, धोपटायचा. गजांच्या पलीकडे ती हवेत दोन्ही हात चालवून दाखवायची, मी अलीकडे तसं करायची. बोळातून कुणी पाहिलं असतं तर बाईला वेड लागलं म्हणालं असतं. माझ्या हातांना फोड आले, फुटले, त्यांवर तिने कसला तरी पाला चोळायला दिला. आणि रोज मी हात टेकून बघायची वाळलं का. ती म्हणायची, तळहात नगं वैनी, तो कामानं बहिरा झालाय, पालथा हात टेका. मी पालथा हात टेकायची. सगळीकडे कोरडं लागायचं, मोरीच्या भिंतीचा कोपरा सोडून. तिथे गारवा. चार दिवस झाले, पाच झाले, कोपरा वाळेना. खिडकीतून तिला तो कोपरा दिसत नव्हता आणि मला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. नणंदेचे पाय सुजले होते. सुईण येऊन बघून गेली आणि म्हणाली, पोट उतरलंय, पौषाची वाट बघू नका.

तेव्हा मात्र मी सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले. त्या देवापुढे बसून वाती वळत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं: कोपरा ओला आहे, पाणी मोरीचं आहे, ते कुठून मुरतं ते मला उमगत नाही, आणि ज्या बाईला कळतं ती गेले आठ दिवस खिडकीबाहेर उभी आहे. थोरल्या वन्सं गेल्या तेव्हाही ती तिथेच उभी होती.  सुनेने असं बोलायचं नसतं. उद्याच्या उद्या मला घाट उतरून माहेरी पाठवतील असं मी धरूनच चालले.

सासूबाईंनी हातातली वात पुरी केली. ती तबकात ठेवली. उठल्या आणि पडवीच्या दाराशी गेल्या. धायरीकरीण रिकामी पाटी उचलून निघाली होती.

"आत ये," सासूबाई म्हणाल्या.

तिला वाटलं, ताक द्यायचं राहिलं. तिने लोटा पुढे केला. सासूबाईंनी मान हलवली आणि त्या बाजूला सरकल्या, दार मोकळं सोडून. धायरीकरणीने मोरीवर पाय धुतले, पुन्हा एकदा धुतले, पदर अंगाशी गच्च आवळला आणि देवांकडे न बघता स्वयंपाकघरातून खोलीत आली. आठ वर्षं जी खोली ती बाहेरून बघत होती, तिच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि पालथा हात टेकला.

"हितंच. तवाबी हितंच."

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या,

"तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

 धायरीकरणीने कुदळ मागितली.

पुढचे दिवस आम्ही तिघींनी ती खोली केली. कोपरा हातभर खणला, चिखल काढला, आत विटांचा चुरा आणि मुरूम ठासला. आमच्या स्वारीने फडातून आल्यावर धोतर खोचून मोरीची वाट भिंतीपासून वळवली आणि सांडपाणी परड्यात नेलं. तिथे मी अळू लावलं, ते पुढे इतकं माजलं की निम्म्या बोळाने त्याची भाजी खाल्ली. भिंतीला पांढऱ्या मातीत बारीक भुसा कालवून गिलावा दिला. शेवटी सारवण. धायरीकरीण दाराकडे पाठ करून मागे मागे सरकत यायची, तिचा हात एकसारखा अर्धा गोल फिरायचा, आणि मागे उरायचं ते ओलं, हिरवट, एका जाडीचं. सासूबाई शेजारी बसून शेण कालवत होत्या.  एकीने हात पुढे केला की दुसरी गोळा ठेवायची. मग निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, वावडिंग, निंबाचा पाला, आणि दर प्रहराला पालथा हात.

नणंदेला कळा लागल्या त्या सकाळी सारवण तीन दिवसांचं होतं. तिला आत घ्यायच्या आधी सासूबाई स्वतः त्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या आणि कितीतरी वेळ हात टेकून राहिल्या. मला वाटलं, झालं, ओलं आहे. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, आणा तिला. दुपारी, ऊन परड्यात असताना, मुलगी झाली.

पण जीव भांड्यात पडला नव्हता कुणाचा. नऊ दिवस मोजायचे होते. पाचव्या दिवशी नणंदेचं अंग कोमट लागलं. सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला, मग तोच हात जमिनीला, मग पुन्हा कपाळाला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. संध्याकाळी दूध उतरलं आणि अंग निवलं. नववा दिवस उजाडला तेव्हा नणंद गादीवर बसून माझ्याशी भांडत होती, मी तिच्या वाटची खसखशीची खीर खाल्ली म्हणून. मी खाल्ली होतीच. मला इतका आनंद झाला की तिने मारलं असतं तरी चाललं असतं.

नंतर मीही त्याच खोलीत तीनदा बाळंत झाले. तिन्ही मुलं जगली, मीही जगले, आणि आज तुमच्यापुढे बसून टोमणे मारते आहे. लोक म्हणतात देवाची कृपा. असेलच. पण देवाने ती तीन कोसांवरून पाटीतून पाठवली होती, एवढं मला पक्कं माहीत आहे. तिने मला माती ओळखायला शिकवलं, ओल ओळखायला शिकवलं, आणि सासूबाईंशी बोलण्याची हिंमतही, एका अर्थी, तिच्याच पायी आली. तिला मी कधी नीट सांगितलं नाही. सांगायला गेले की ती म्हणायची, शेण वाळतंय वैनी, हात चालवा.

नणंदेच्या मुलीचं बाराव्या दिवशी बारसं होतं. घर बायकांनी भरलेलं. धायरीकरीण नेहमीच्या वेळेला आली, आणि सवयीने पडवीतच शेण उतरवून कालवत बसली, परड्यातली वाट सारवायची राहिली होती म्हणून. सासूबाईंनी पाळण्यातून मूल उचललं. सगळ्या बायकांमधून, स्वयंपाकघरातून, देवांच्या समोरून त्या ते घेऊन पडवीत गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी मूल तिच्यापुढे धरलं. ती गडबडून मागे सरकली आणि दोन्ही हात वर करून दाखवले, कोपरापर्यंत शेणाने भरलेले. म्हणाली, थांबा बाई, धुऊन येते.

"त्याच हातांनी घे," सासूबाई म्हणाल्या.

तिने घेतलं.